डब्यातला साप पेटीत आला आणि खाईना

आमचा बॉल पायथन (आफ्रिकेतला लहानसा अजगर) घरी आला तेव्हा पूर्ण वाढलेला नर होता. सगळं आयुष्य प्लास्टिकच्या उथळ डब्यात गेलेलं. इथे इंग्लंडमध्ये याला रॉयल पायथन म्हणतात, पाळायला परवाना लागत नाही आणि पैदास करणारे बरेच जण खणांसारखे डबे रचूनच साप ठेवतात. (भारतात धामण, अजगर असले आपले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. कुणी तो उद्योग करू नये.)

मुलानं हौसेनं चार फुटी लाकडी पेटी घेतली, पुढे सरकत्या काचा. डब्यात नेमानं उंदीर गिळणारा हा प्राणी पेटीत गेल्यावर उंदराकडे बघेना. रात्री काचेवर नाक घासत फिरायचा, दिवसा वेटोळ्यात डोकं खुपसून बसायचा. विकणाऱ्याचं म्हणणं, "परत डब्यात टाका, खाईल." खाल्लंही असतं. पण ज्या जागेत अंग सरळ करता येत नाही तिथे जन्म काढायचा, हे मला पटेना.

पश्चिम आफ्रिकेत, घाना, टोगो, बेनिनकडे हे साप दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतात. म्हणजे अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकलेलं आणि वर अंधार. डब्यात नेमकं तेच मिळत होतं. तेवढं पेटीत आणायचं ठरवलं.

काचांना आतलं दिसणार नाही असा काळा कागद लावला. वेटोळं जेमतेम मावेल अशा दोन सारख्या ढोल्या ठेवल्या, एक गरम टोकाला, एक थंड. एकच ठेवली तर सापाला ऊब किंवा आडोसा यातलं एकच निवडावं लागतं, आणि घाबरलेला साप आडोसा निवडतो. मग गारठलेल्या अंगाला पचन झेपत नाही. मधली मोकळी जागा खोट्या वेली आणि सालींनी भरून टाकली. गरम टोकाला ३१-३२ अंश, थंड टोकाला २५-२६. ऊब देणाऱ्या दिव्याला थर्मोस्टॅट (तापमान आपोआप आवरणारं यंत्र) आणि जाळी हवीच, नाहीतर साप भाजतो. दिव्यानं हवा कोरडी पडते म्हणून खाली नारळाच्या सोडणाचे तुकडे, ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास.

मग सगळ्यात अवघड काम: त्याच्या वाटेला न जाणं. सापाला हात लावायची मुलाला बंदी केली. रोज उंदीर नाचवला तर साप आणखी बुजतो, म्हणून आठवड्यातून एकदाच, तेही दिवे मालवल्यावर. गोठवलेल्या उंदराचा बर्फ फ्रिजमध्ये उतरू देऊन तो पिशवीसकट गरम पाण्यात धरायचा. डोकं कोमट हवं, कारण याच्या ओठांवरच्या खळग्यांना ऊब कळते. नाकारलेला उंदीर सरळ कचऱ्यात, पुन्हा गोठवायचा नाही. आणि वजन लिहून ठेवायचं. धडधाकट मोठा साप महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, वजन टिकून असेल तर घाई नको.

एका रात्री ढोलीच्या तोंडाशी उंदीर धरलेला चिमटा नेला तर मान वळणदार आखडली आणि पुढच्या क्षणी उंदीर वेटोळ्यात होता. मुलगा ओरडणार होता, मी त्याचं तोंड दाबलं.

आता एका काचेवरचा कागद काढलाय. रात्री हा चक्क आडव्या फांदीवर चढतो. जमिनीवरचा साप म्हणून सगळे सांगतात, पण रानात यांचे नर झाडांवरही सापडतात, पक्षी खातात. डब्यात हे कधी दिसलंच नसतं. हिवाळ्यात मात्र त्यानं पुन्हा तोंड फिरवलं. तो नरांचा मिलनाचा ऋतूच, तेव्हा बरेच नर खात नाहीत. वजन जागेवर होतं, मी उंदीर फ्रीझरमधून काढलाच नाही.