दोन नंबरचा पिस्टन

बाबांची मारुती आठशे धूर सोडते हे कळलं चोर्ला घाटात. आधीही सोडत असणार, पण डिचोलीच्या बाजारात गाडी चालवताना मागे कोण बघतो? मे महिन्यात बेळगावला निघालो, साखळी मागे पडली, चढण लागली आणि आरशात निळसर पडदा दिसला. मागच्या टेम्पोवाल्याने पुढे जाताना काच खाली करून हात हलवला. तो नमस्कार नव्हता.

गाडी १९९८ ची, कार्बोरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. बाबा म्हणाले, भंगारात देऊन टाक. मेस्त म्हणाले, आधी इंजिनाला विचारूया. मेस्त बाबांच्या पहिल्या स्कूटरपासून आमच्या गाड्या बघतात. आता गॅरेज मुलगा चालवतो आणि ते बाकावर बसून चहा पीत सगळ्यांच्या चुका काढतात. मी उच्च माध्यमिकात भौतिकशास्त्र शिकवते. पिस्टनची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, देव जाणे. पिस्टन हातात मात्र कधी घेतला नव्हता. म्हटलं, हे काम मी करणार, तुम्ही फक्त ओरडा.

इंजिनाला विचारायचं ते असं. प्लग काढून त्या जागी गेज लावायचा आणि स्टार्टर मारून दाब मोजायचा. एक आणि तीन नंबर १४० पीएसआयच्या आसपास आले, दोन नंबर ९५. मग दोन नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल ओतून परत मोजलं, १३० झाला. पिस्टनभोवती खाचांत बसवलेल्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घट्ट लागून दाब धरतात; ऑइलने त्यांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजतात. म्हणून दाब वाढला तर दोष रिंगांचा. वाढला नसता तर व्हॉल्व्हकडे बघावं लागलं असतं. एका चमच्यात निदान! पुढच्या वर्षी वर्गात सांगणार आहे.

जुलैत चेन-ब्लॉकवर इंजिन बाहेर काढलं. हेड उतरवलं, खालचं चेंबर उतरवलं. मला वाटलं, आता पिस्टन खालून ढकलले की झालं. मेस्तनी सिलिंडरच्या तोंडाशी बोट फिरवायला सांगितलं. वरच्या काठाखाली एक कड लागली. रिंग जिथवर पोचते तिथवर भिंत झिजते, त्याच्यावर झिजत नाही, शिवाय तिथे कार्बन साचतो. ती कड न काढता पिस्टन वर ठोकला तर रिंग तिथे अडकते आणि रिंगेच्या खाचेची धार तुटते. तीन सिलिंडरच्या कडा खरवडण्यात माझी सकाळ गेली.

मग खुणा. पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप जोडून एकत्र बोअर केलेली असतात, एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही. सेंटर पंचाने एकाच बाजूला एक, दोन, तीन ठिपके मारले. पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो, तो पुलीच्या बाजूला. काजळी पुसल्यावर तो दिसला तेव्हा जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं, कारण माझ्या आकृतीत तो कधीच नव्हता. रॉडच्या बोल्टांवर पेट्रोलच्या नळीचे तुकडे चढवले, नाहीतर बाहेर काढताना बोल्टचे आटे क्रँकला चरा पाडतात. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन एकदम खाली येतात. आमच्या तीनमध्ये १२० अंशांचं अंतर, म्हणून प्रत्येकासाठी क्रँक फिरवायचा, कॅप सोडायची, हातोड्याच्या लाकडी दांड्याने वर ढकलायचं. तिन्ही पिस्टन आईच्या तीन बिस्किटांच्या डब्यांत गेले, डब्यांवर नंबर. या डब्यांवरून पुढे रामायण झालं.

दोन नंबरची ऑइल रिंग हलतच नव्हती. तिच्यामागे खाचेत ऑइल परत खाली जायला बारीक भोकं असतात, ती कार्बनने लिंपली गेली होती. भिंतीवरचं ऑइल खरवडून उतरणार कुठून? ते वर जाऊन जळत होतं. म्हापशाच्या लेथवाल्याने बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजून सांगितलं की झीज मर्यादेत आहे, बोअर मारून मोठा करायची गरज नाही. होनिंग करा, म्हणजे दगडाने भिंत हलकी घासा, जुनेच पिस्टन ज्याच्या त्याच्या घरात घाला, फक्त रिंगा नव्या. हे ऐकून मला डब्यांवरच्या नंबरांचा फार अभिमान वाटला. खाचा साफ करायला वेगळं हत्यार लागत नाही, तुटक्या जुन्या रिंगेचं टोक पुरतं. भोकं तारेने मोकळी केली.

होनिंगने भिंतीवर तिरक्या फुली-फुलीच्या रेघा पडतात, त्यांत ऑइल थांबतं. पण दगडाची पूडही तिथेच बसते आणि ती पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, साबण, ब्रश. पांढरी चिंधी फिरवली की पांढरीच राहिली पाहिजे. सातव्या चिंधीला पांढरी राहिली. तेवढ्यात लाइट गेली. पावसाळ्यात डिचोलीला ती जातेच. सकाळी ऑइल लावू म्हणून ब्लॉक झाकून घरी गेले.

सकाळी तिन्ही सिलिंडर नारिंगी. उघडं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि आमची जुलैची हवा! मेस्त काही बोलले नाहीत, फक्त होनिंगच्या दगडांकडे बोट केलं. परत हलकं होनिंग, परत साबण, परत चिंध्या. या वेळी हात पुसायच्या आधी ऑइल फासलं.

नवी रिंग आधी रिकाम्या सिलिंडरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ खाली सरकवायची आणि टोकांमधली फट फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी बघायची. मेस्तांचा हिशेब बोअरच्या इंचाला चार थाउ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. आमचा बोअर ६८.५ मिलिमीटर, म्हणजे अकराच्या आसपास. फट कमी असली तर रिंग तापून टोकाला टोक भिडतं आणि भिंत ओरबाडली जाते. अक्षर कोरलेली बाजू वर, तिन्ही फटी वेगवेगळ्या दिशांना. ऑइल रिंग तीन तुकड्यांची, मधल्या जाळीची टोकं एकावर एक चढता कामा नयेत.

एक नंबर आत गेला. दोन नंबर गेला. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघायचा, कुठे जड लागतोय का. तीन नंबरला मी जरा शेफारले होते. आत घालताना रिंगा दाबून धरणारा रिंग क्लॅम्प ब्लॉकवर नीट टेकला नव्हता. दांड्याचा आवाज 'ठप ठप' येत होता, तो एकदम 'टक' आला. मी आणखी एक ठोका दिला. ऑइल रिंगेची खालची पट्टी फटीतून बाहेर निसटून वाकली होती.

"आडलें म्हणटकच रावचें, बाय," मेस्त म्हणाले. अडलं की लगेच थांबायचं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

एका सिलिंडरच्या रिंगा सुट्या कोणी देईना. पणजीहून तिघांचा पूर्ण सेट आणला. तीन नंबर दुसऱ्यांदा घातला तेव्हा ठोकण्यापेक्षा कान देणं जास्त केलं.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, चार दिवस राहिले होते. प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला, मग प्लग लावून गाडी चालू केली. भरपूर निळा धूर! माझा चेहरा पडला. जोडताना लावलेलं ऑइल होतं ते, दहा मिनिटांत जळून संपलं. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः चालवत माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजाराला गेले. पूर्ण वेळ आरशात बघत होते, रस्त्याकडे मीच बघितलं.

घरी आलो तर आई नेवऱ्या (आमच्या करंज्या) भरायला डबे शोधत होती. एक आणि तीन धुऊन दिले. दोन नंबरमध्ये आता दोन सिलिंडरच्या उरलेल्या रिंगा आहेत, आणि त्याचा वास जात नाही असं मी आईला सांगितलं आहे.