सुरगाठ

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने काय लिहायचं हे जवळजवळ ठरलेलं असतं: पटांगण, घंटा, खडू, छडी. ते बाकीचे लिहितीलच. या पटांगणात माझ्या हाताला एक कसब लागलं, झेंडा बांधण्याचं, आणि नंतर ते कचेरीत, सोसायटीत, सगळीकडे कामी आलं. यंदाच्या विद्यार्थीप्रमुखासाठी तेवढंच लिहून ठेवतो.

आठ दिवस आधी कप्पी तपासा. मुंबईच्या खाऱ्या हवेत लोखंडी कप्पी गंजायला एक पावसाळा पुरतो. दोरी खाचेपेक्षा बारीक असली तर ती चाक आणि बाजूच्या पत्र्यामधल्या फटीत शिरते. मग खालून जितकं ओढाल तितकी रुतते आणि भर कार्यक्रमात शिडी शोधावी लागते. खाच भरेल एवढी जाड दोरी घ्या, कप्पीत तेल सोडा. दोरीची लांबी खांबाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर दोन मीटर, म्हणजे ६ मीटरच्या खांबाला १४ मीटर. तिची दोन्ही टोकं झेंड्याच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्याला बांधली की एक अखंड वेढा तयार होतो. मोकळं ठेवलेलं टोक हातातून निसटलं, तर ते थेट कप्पीपाशी जाऊन बसतं.

झेंडा विकत आणायला जाताना टेप सोबत न्या. लांबी आणि रुंदीचं प्रमाण ३:२. प्रमाणित आकार नऊ आहेत, १५० × १०० मिलिमीटरपासून ६३०० × ४२०० पर्यंत. ६ मीटरच्या खांबाला १८०० × १२०० शोभतो. चक्र मात्र मोजूनच घ्या. या आकारात प्रत्येक पट्टा ४०० मिलिमीटरचा आणि चक्र ३७० चं, म्हणजे पांढरा पट्टा जवळजवळ भरलेला. ९०० × ६०० च्या झेंड्यात २०० च्या पट्ट्यात १८५ चं चक्र. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ झेंड्यांत ते मधोमध बटणाएवढं असतं, आरे मोजले तर २४ भरत नाहीत, नाहीतर मागच्या बाजूला शाई पोचलेलीच नसते. ध्वजसंहितेला, म्हणजे राष्ट्रध्वजाच्या वापराच्या सरकारी नियमांना, चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसायला हवं.

ही दोन्ही बाजूंची अट वाटते त्याहून मोठी आहे. १९४२ साली ९ ऑगस्टला गोवालिया टँकवर अरुणा असफ अलींनी फडकवलेल्या काँग्रेसच्या तिरंग्यावर चरखा होता. चरख्याला एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला चाती. मागून पाहिलं की तो उलटा. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला, तेव्हा चरख्याऐवजी नुसतं चाक घेण्यामागे हेही कारण सांगितलं. मग ते चाक सारनाथच्या अशोकस्तंभावरचं घेतलं. मुंबईत जन्मलेल्या मादाम कामांनी १९०७ साली स्टुटगार्टला फडकवलेल्या झेंड्यावर ‘वंदे मातरम्’ ही अक्षरं होती. आजच्या राष्ट्रध्वजावर अक्षर लिहायला मनाई आहे. ‘अमृतमहोत्सव’ असं झेंड्यावर छापून घ्यायची कल्पना दरवेळी कोणीतरी काढतंच; ती तिथेच थांबवा.

कापड कुठलं? डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून पॉलिस्टरही चालतं, यंत्रावर शिवलेला झेंडाही चालतो. ऑगस्टच्या पावसात पॉलिस्टर लवकर सुकतं हे खरं. पण घड्या घालून बांधून वर चढवायच्या झेंड्यासाठी, म्हणजे पुडीसाठी, मी खादीच घेईन. खादीची घडी बसून राहते. गुळगुळीत पॉलिस्टर दोरीच्या वेढ्यातून घसरतं आणि पाहुणे येण्याआधीच हिरवा कोपरा बाहेर लोंबू लागतो.

आता बांधणी. केशरी वर हे सगळ्यांना पाठ असतं, तरी झेंडा उलटा चढतोच, कारण पुडीत रंग दिसत नाहीत. दोरी जाते त्या पट्टीच्या केशरीकडच्या टोकाला लाल दोऱ्याचे चार टाके घालून ठेवा. गुंडाळण्याआधी झेंडा पूर्ण उघडा वर चढवून एकदा बघा, मग खाली घेऊन घड्या घाला. खाली घेताना तो जमिनीला लागू द्यायचा नाही, म्हणून दोघे हवेत. मधे पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही. दोन ओंजळी पुरे. त्या कोरड्या हव्यात. ओल्या झेंडूचा डाग पांढऱ्या पट्ट्यावर बसला की निघत नाही, आणि भिजलेल्या पाकळ्यांनी घड्या एकमेकींना चिकटतात.

पुडीभोवती खालच्या दोरीचे तीन वेढे द्या. मग त्याच दोरीचा दुमडलेला फास शेवटच्या वेढ्याखाली सारा. फक्त फास. टोकच्या टोक आरपार ओढून घेतलंत की सुरगाठीची निरगाठ झाली, आणि निरगाठ वीस फुटांवर खालून सुटत नाही. सुती दोरी भिजली की फुगते, म्हणून १४ ऑगस्टच्या संध्याकाळी बांधलेली नीट सुरगाठही रात्रभराच्या पावसाने आवळून बसते. १५ च्या सकाळीच बांधा. नायलॉन भिजून फुगत नाही, पण निसटतं. त्याला तीनाऐवजी पाच वेढे लागतात.

पुडी वर गेल्यावर खाली दोन दोऱ्या असतात आणि पाहुण्यांना त्या सारख्याच दिसतात. फास सोडवणारी एकच. चुकीची ओढली तर पुडी बंदच राहते. बरोबर दोरी तुम्हीच त्यांच्या हातात द्या आणि ‘एकच झटका, मग सोडू नका’ एवढं कानात सांगा. झेंडा उलगडला की दोरी ताणून खांबाच्या खुंटीला इंग्रजी आठच्या आकड्यासारखे चार वेढे द्या.

रांगांबद्दल थोडक्यात. तीन बाजूंना वर्ग, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ, सर्वांत वरचा वर्ग उजव्या टोकाला, दोन रांगांत निदान ३० इंच. मुख्याध्यापक, विद्यार्थीप्रमुख आणि ध्वज फडकवणारे पाहुणे स्तंभाच्या तीन पावलं मागे. सावधान फडकण्याआधी, सलामी फडकताच, मग ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत, त्यानंतर प्रतिज्ञा. आरोळी देणारा घाईत सलामी आधी मागतो आणि सगळी शाळा बंद पुडीला सलाम ठोकते.

महोत्सवाच्या उत्साहात आणखी काही गोष्टी हमखास चुकतात. स्तंभावर हार चढवणं ही त्यातली पहिली. फुलं, हार, बोधचिन्ह, काहीही ध्वजदंडावर किंवा त्याच्या वर ठेवायचं नाही. शाळेचा झेंडा राष्ट्रध्वजाच्या शेजारी किंवा त्याहून उंच नको. कोनशिलेच्या अनावरणाला पडदा म्हणून तिरंगा वापरू नका. व्यासपीठावर तो वक्त्याच्या उजव्या हाताला असावा. भिंतीवर उभा लावलात तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डावीकडे येतो.

मुखपृष्ठावर चार सिंहांची राजमुद्रा छापायचा मोह तर सोडूनच द्या. २६ जानेवारी १९५० पासून ती भारत सरकारची मुद्रा आहे आणि २००५ च्या कायद्याने तिचा वापर ठरावीक पदं आणि कार्यालयांपुरता राखलेला आहे. शाळेला स्वतःचं बोधचिन्ह आहे की! शिवाय घाईत राजमुद्रा काढणारे खालचं ‘सत्यमेव जयते’ विसरतात, बैल आणि घोड्याची अदलाबदल करतात. बैल चक्राच्या उजवीकडे, घोडा डावीकडे.

संध्याकाळी ध्वज उतरवताना गती उलट. चढवायचा झपाट्याने, उतरवायचा सावकाश. २०२२ पासून उघड्यावर रात्रीही ठेवता येतो, पण पावसात भिजून फाटण्यापेक्षा सूर्यास्ताला उतरवलेला बरा. आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडा, मग दोन्ही बाजूंनी पांढरा असा दुमडा की वर चक्र आणि केशरी-हिरव्याची किनार तेवढी दिसावी. तळहातांवर घेऊन कपाटापर्यंत न्या. ओला असला तर आधी सावलीत वाळवा. विटला, फाटला तर तुकडे करून फडकी करायची नाहीत. संपूर्ण ध्वज खाजगीत, शक्यतो जाळून नष्ट करायचा.

दोरीही उतरवा. सगळ्या गाठी सोडून ती सैल वेटोळं करून खिळ्याला टांगा. ओली दोरी तशीच खांबावर राहिली, तर २६ जानेवारीला कप्पीशी जिथे वळते तिथेच कुजलेली सापडते.