इंटरव्ह्यूला जाताना दोन शर्ट

ऑफर लेटर आलं तेव्हापासून फैजपूरच्या चार-पाच पोरांनी विचारून झालंय, भो तयारी कशी केली ते सांग ना, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी पुण्याचं सांगतो कारण तिथे मी माती खाल्ली होती. बीएस्सी ॲग्री झाल्यावरचा पहिला कॉल, महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात रात्रभर बसून गेलो आणि डोक्यात व्हिडिओ बघून पाठ केलेली इंग्रजी उत्तरं. वीकनेस विचारला तर मी म्हटलं मी परफेक्शनिस्ट आहे. साहेब म्हणाले, बरं, त्यामुळे शेवटचं काम कधी अडलं तुमचं? आता ते काय व्हिडिओत नव्हतं. गप बसलो, दहा मिनिटात बाहेर.

दुसरा कॉल जळगावचा, ठिबकच्या कंपनीत, फील्डवरचं काम. यावेळी मी आप्पांना म्हटलं तुम्ही चिडलेले शेतकरी व्हा, मी कंपनीचा माणूस. आप्पांना चिडायला फार मेहनत लागली नाही. केळीत उभं राहून रोज संध्याकाळी विचारायचे, शेवटच्या झाडापर्यंत पाणी का जात नाही, आणि मी कॉलेजातली भाषा सुरू केली की "इंग्रजी नको झाडू, मराठीत सांग". पंधरा दिवसात फिल्टर उघड, नळीचं टोक सोडून फ्लश कर, क्षार साचले असतील तर ॲसिड, शेवाळ असेल तर क्लोरीन हे सगळं न अडखळता बोलायला लागलो.

मे महिना, जळगावचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. एसटीत भुसावळ येईपर्यंत शर्टाचं पोतेरं झालं. दुसरा इस्त्रीचा शर्ट पेपरमध्ये गुंडाळून बॅगेत होता, तो जळगावला उतरून बदलला. हसू नका, घामेजलेल्या माणसाला स्वतःचाच वास येत राहतो आणि उत्तर सुचत नाही.

आत तिघं होते. गाव फैजपूर बघून एकाने विचारलं, १९३६ चं काँग्रेस अधिवेशन? म्हटलं हो सर, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष होते. तिथे जरा मोकळं वाटलं. (जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं हे पण पाठ होतं, कोणी विचारलंच नाही.)

मग वयस्कर साहेब म्हणाले, केळीला ठिबक किती वेळ चालवशील? मी उलट विचारलं, लागवड कधीची, महिना कोणता, ड्रिपर किती लिटरचा? ते म्हणाले धर झाडाला १६ लिटर, ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर. मग दोन तास सर, पण ५ बाय ५ फुटांवर एकरी १७४२ झाडं म्हणजे तासाला चौदा हजार लिटरच्या आसपास पाणी, मोटर तेवढं देते का ते आधी बघावं लागेल, नाहीतर भाग पाडून व्हॉल्व्ह फिरवायचा.

पुढचा प्रश्न खरा होता. हरण्या (केळीवरचा सीएमव्ही नावाचा विषाणूचा रोग) आलेलं झाड शेतकरी उपटू देत नाही, काय करशील? सीएमव्हीला औषध नाही, झाड काढून नष्ट करायचं आणि तो पसरवणारा मावा किडा आटोक्यात ठेवायचा, हे पुस्तकातलं मी सांगितलंच. पण मग सांगितलं की आमच्या आप्पांनीच उपटू दिलं नव्हतं, पोटच्या पोरासारखं वाढवलंय म्हणाले, आणि काही दिवसांनी शेजारची तीन झाडं तशीच पिवळी पडली. तेव्हा मी दुसऱ्याच्या बांधावर जाऊन हे माझ्याच घरचं सांगेन. साहेब काही बोलले नाहीत, नुसतं लिहिलं काहीतरी.

पगाराचं विचारल्यावर आकडा सांगायच्या आधी मी विचारलं, गाडी माझी तर पेट्रोल कोणाचं? पोरांनो, फील्डच्या नोकरीत हे विचाराच, दिवसाला शंभर किलोमीटर फिरलात तर अर्धा पगार टाकीतच जातो. किलोमीटरप्रमाणे मिळतं म्हणाले, मग आकडा सांगितला, त्यांनी थोडा कमी केला, मी हो म्हटलं.

सोमवारी जॉईन होतोय, एरिया रावेरचा मिळालाय. आप्पा म्हणताहेत पहिलं शेत आपलंच बघ, शेवटच्या ओळीत अजून पाणी येत नाही.