डहाणू ते गंजाड : वारली प्रदर्शनात एआयला काय सांगावं, काय नाही

डहाणू लोकल बोईसरला बरीचशी रिकामी होते. पुढे वाणगाव आणि मग डहाणू रोड. स्टेशनच्या पश्चिमेला समुद्र आणि चिकूच्या वाड्या आहेत. गंजाडला जायचं तर पूर्वेची वाट धरायची. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांचं हे गाव. शहरात वारली म्हणजे चहाचा मग आणि कुर्त्याचा काठ. इथे ती अजून भिंतीवर दिसते, पण सिमेंटची घरं वाढली तशा मातीच्या भिंती कमी होत चालल्या आहेत.

आमचं काम होतं सुट्या भागांच्या वारली प्रदर्शनाचं. ते टेम्पोतून न्यायचं, उभारायचं, पुन्हा सोडवायचं. त्यात फ्लेक्स, थर्माकोल, एमडीएफ यांतलं काहीच नको. नमुना पाड्यावरच्या कुडाच्या भिंतीचा घेतला: कारवीच्या काठ्या, त्यांना आडव्या बांबूच्या कामट्या, वर माती-शेणाचं लिंपण, त्यावर गेरू.

एआयने सुचवलेली फळी ८ × ४ फुटांची होती, त्यावर १२ मिमी लिंपण. चित्रात झकास दिसते. पण वजनाचा हिशेब त्यात नव्हता. सुकलेलं लिंपण घनमीटरला साधारण १,६०० किलो धरलं तर चौरस मीटरला १९ किलो होतात, म्हणजे फळीला ५७ किलो आणि चौकट वेगळी. रस्त्यातल्या पहिल्याच खड्ड्यात असं लिंपण सुटतं. त्याऐवजी ४ × ४ फुटांची चौकट घ्यावी, तिच्यावर गोणपाट ताणून बसवावं आणि ५ मिमी लेप द्यावा. लेप १२ किलोंत बसतो. तो दोन हातांत द्यायचा, पहिला पुरता सुकल्यावरच दुसरा. चिकण माती जास्त झाली की भेगा पडतात, तेव्हा भाताचा तूस वाढवावा. उन्हात वाळवलं तर वरचा थर आधी आकसतो आणि कडा उचलल्या जातात, म्हणून सावलीच बरी.

एआयचा खरा उपयोग बांबू कापताना झाला. बांबू बुडाशी जाड आणि शेंड्याला बारीक असतो, पण यंत्र तो सरळ नळीच समजतं. प्रत्येक बांबूची लांबी, दोन्ही टोकांचा घेर आणि पेरांची (गाठींची) अंतरं टेपने मोजून तक्त्यात भरावीत. मग एआयकडून एक छोटा प्रोग्रॅम लिहून घ्यावा: कुठले तुकडे कुठल्या बांबूतून काढले तर वाया कमी जाईल. पेरांची अट घातली नाही तर काप दोन पेरांच्या मधोमध येतो, आणि टोकाला बोल्टसाठी भोक पाडताच बांबू उभा चिरतो. ‘काप पेरापासून ५ सेंटीमीटरच्या आत’ एवढी एक ओळ घातली की यादी सुताराच्या उपयोगाची होते. बांबू निदान तीन वर्षांचा हवा, आणि बोरिक ॲसिड-बोरॅक्सच्या पाण्यात भिजवलेला. कोवळा बांबू किडे पोखरतात. तिथे संगणक काही करू शकत नाही.

चित्र काढायला मात्र एआयला बसवू नये. त्याचा तारपा नाच (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य) हमखास बांगडीसारखा बंद गोल येतो. पाड्यावरच्या चित्रात नाचणाऱ्यांची रांग सापासारखी वळत जाते आणि तिला शेपूट असतं. त्रिकोणी माणसांना तो नाक-डोळे चिकटवतो, कोपऱ्यात मधुबनीची पानं भरतो. जालावर ‘वारली’ नावाने जे विकाऊ सामान पडलंय, त्यावरच तो शिकलेला. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, तर त्याला कळतच नाही: मधे सुफलतेची पालघट देवी, शेजारी पाच शिरांचा पंचशिऱ्या देव, लिहिणाऱ्या सवासिनी आणि लग्नविधीची गाणी गाणारी धवलेरी. चौक लग्नासाठी लिहिला जातो. तो शोभेची चौकट म्हणून प्रवेशदारावर लावू नये, असं आमचं ठाम मत.

चित्रकाराचा हात जवळून पाहावा. तांदळाचं पीठ, पाणी, थोडा डिंक; टोक ठेचलेली बांबूची काडी. ओली रेघ गेरूवर जेमतेम दिसते, सुकताना पांढरी होत जाते. म्हणून तो एक ओळ काढतो, थांबतो, मग पुढची. या थांबण्याचा वेळ मजुरीत धरावा लागतो. चौरस फुटाचा दर ठरवताना आयोजक नेमका तोच विसरतात. चित्राचे फोटो एआयला शिकवायचे असतील तर चित्रकाराची परवानगी घ्यावी आणि मोबदला वेगळा ठरवावा. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याने ही नक्कल आपोआप थांबत नाही.

धवलेरीची गाणी आवाज-ते-मजकूर यंत्रात घातली तर वारली बोलीचे शब्द प्रमाण मराठीत ‘दुरुस्त’ होऊन येतात. ती पाड्यावरच्याच माणसाकडून तपासून घ्यावीत. मजकुराच्या पाट्यांची उंची, अक्षरांचा आकार, फिरायच्या वाटेची रुंदी ही कामं एआयला बिनधास्त द्या. फक्त चाकाची खुर्ची वळेल एवढी जागा त्याने सोडली आहे का, ते जमिनीवर खडूने आखून बघा.

जायचं तर दिवाळीनंतर. पावसाळ्यात लिंपण आठवडेच्या आठवडे ओलं राहतं आणि तांदळाच्या पिठावर बुरशी धरते. फळी मागून बोटाने वाजवावी. आवाज बद्द आला तर लिंपण अजून ओलं आहे, टेम्पोला अजून फोन करू नये.