ओरिजिनल आमच्याकडं राहतील

सगळ्यात आधी हे सांगते, नाहीतर शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. नोकरी बदलताना ओरिजिनल सर्टिफिकेटं कुठल्याही हॉस्पिटलच्या कपाटात ठेवायला देऊ नका. दाखवा, समोर बसून झेरॉक्सशी ताडून घ्यायला लावा, फाईल काखेत मारा आणि घरी या.

मी जीएनएम झालेली नर्स. नऊ वर्षं पुण्यात, त्यातली सात कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात. माहेर बार्शीचं, सासर कोल्हापूरचं. सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं, नवऱ्याला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम मिळालं आणि आम्ही उचगावात बिऱ्हाड मांडलं. पुण्याचा राजीनामा, नोटीस, रिलिव्हिंग लेटर हे कसं पार पडलं ते आता आठवतसुद्धा नाही. सात वर्षं इमर्जन्सी केलेली सिस्टर, कोल्हापुरात दवाखान्यांना तोटा नाही, आठ दिवसांत लागेन असं धरून चालले होते. लागायला दोन महिने गेले, आणि त्यातला निम्मा वेळ एका टेबलासमोर गेला.

सीपीआरचा, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयाचा, विचार मनात येऊन गेला. जुने लोक त्याला अजून थोरला दवाखाना म्हणतात. अपघात, सर्पदंश, विषबाधा, सगळं तिथं येतं, शिकायला तसली जागा नाही. पण सरकारी भरती म्हणजे जाहिरात, परीक्षा, यादी. घरात आजारपण असताना तेवढं थांबणं जमणारं नव्हतं. मग तीन खासगी ठिकाणी अर्ज टाकले. नावं घेत नाही.

पहिलं सगळ्यात मोठं. काचेची इमारत, खाली कॉफीचं दुकान. मॅट्रन मॅडमनी एकच केस विचारली. शेतातून उचलून आणलेला माणूस, तोंडाला फेस, अंगाला घाम, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी, आणि नातेवाईक म्हणतायत, 'औषध घेतलंय.' इकडं औषध घेतलं म्हणजे गोळी घेतली असं नव्हे, पिकावर फवारायचं घेतलं. मी म्हटलं, आधी सक्शननं तोंडातला फेस ओढून घ्यायचा, श्वास बघायचा. हातमोजे घालून कपडे काढायचे, अंग धुवायचं. डॉक्टरांच्या ऑर्डरनं विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन, छातीतली घरघर सुकेपर्यंत पुन्हा पुन्हा. मग मीच विचारलं, "रात्री कॅज्युअल्टीत अ‍ॅट्रोपिनचे किती अँप्युल असतात मॅडम?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "शंभर. आणि रोज सकाळी मोजतो." मला वाटलं, झालं काम. हातात साडेसत्तावीस हजार येतील म्हणाल्या. पुण्यात एकतीस यायचे, पण उचगावचं भाडं पुण्याच्या निम्मं, म्हणजे गणित बसत होतं. त्या म्हणाल्या, "वर एचआरला भेटून घ्या, फॉर्मॅलिटी आहे."

ती फॉर्मॅलिटी दुसऱ्या मजल्यावर लिफ्टशेजारी बसायची. पंचविशीतली पोरगी, बोलायला गोड. "ताई, ओरिजिनल जमा करायची. दहावीपास्नं सगळी. दोन वर्षांचा बॉण्ड. मधी सोडलं तर तीन महिन्यांचा पगार भरायचा."

"पावती द्याल?"

"पावती कशाला? आपलंच हॉस्पिटल हाय की."

"दाखवते, ठेवणार नाही."

"मग साहेबांना विचारतो मी. परवा या."

(इकडच्या बायका 'विचारतो, जातो' असंच बोलतात. सुरुवातीला मी दचकायचे. आता माझी सात वर्षांची मुलगी 'मी जेवलो' म्हणते.)

परवा गेले तर साहेब बेळगावला. त्यानंतर गेले तर साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्या वेळी तिनं सांगितलं की अटेस्टेड झेरॉक्सचा एक संच साहेबांना, एक ऑडिटला. दोन संच करून दिले. चौथ्या वेळी पहिला संच सापडेना. मी त्या बाकड्यावर इतकी बसले की लिफ्टवाल्या मामांना माझं नाव पाठ झालं. ते मला 'नवीन सिस्टर' म्हणून चहाही आणून द्यायचे, आणि मी तर अजून सिस्टरच नव्हते तिथली.

मधल्या काळात पगाराचं बोलणं पुन्हा निघालं. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं २०१६ साली खासगीतल्या नर्सेसच्या पगाराबद्दल शिफारस केली आहे. २०० च्या वर बेड असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार. १०० च्या वर असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० च्या आतल्या दवाखान्यातसुद्धा २०,००० च्या खाली नाही. शिफारसच ती, पाळतंय कोण. पण ठाऊक असलेली बरी, म्हणून मी विषय काढला. खालच्या बोर्डावर '१२० खाटांचे सुसज्ज रुग्णालय' असं लिहिलेलं. टेबलावर त्याच खाटा नव्वद झाल्या. तीस खाटा जिना चढता चढता कुठं गेल्या देव जाणे.

खरं सांगू, तरीही मी ओरिजिनल देऊन टाकणार होते. नवरा म्हणत होता, "दे की, एवढी मोठी बिल्डिंग, ते कुठं पळून जातायत?" सासूबाई म्हणाल्या, "कागदच हायत नव्हं?" पाचव्या वेळी मी फाईल उघडून ठेवूनच बाकड्यावर बसले होते.

माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, चंदगडकडची, पायाशी डब्याची पिशवी. नाईट करून आलेली, डोळे लाल. तिला फक्त दहावीचं मार्कलिस्ट परत हवं होतं. कुठल्या तरी सरकारी फॉर्मच्या पडताळणीला दुसऱ्या दिवशी ओरिजिनल दाखवायचं होतं. "मॅडम, दोन दिवसांत आणून देतो. तेवढं एकच द्या." तिच्यासमोरच एचआरच्या पोरीनं लोखंडी कपाट उघडलं. आत फाईलींचे गठ्ठे, नाडीनं बांधलेले, प्रत्येकावर स्केचपेननं नाव. त्या मुलीची फाईल वरूनच दुसरी होती. मला दिसली, तिलाही दिसली. "साहेबांची सही लागती गं," असं म्हणून कपाट बंद झालं आणि किल्ली पर्समध्ये गेली. ती मुलगी रडली नाही. फोन काढून कुणाला तरी म्हणाली, "नाही दादा, उद्या नको येऊस."

मी फाईलची बटणं लावली. "माझे झेरॉक्स परत द्या," म्हटलं. म्हणे साहेबांच्या केबिनमध्ये आहेत. तशीच खाली उतरले. मॅट्रन मॅडमना भेटून सांगावं असं वाटलं होतं, पण त्या राउंडवर होत्या, आणि माझ्याच डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. बाई चांगली होती. तिथं काम करायला मला खरंच आवडलं असतं, हे अजून सलतं.

ओरिजिनल ठेवून घ्यायची मुळात गरजच काय? रजिस्ट्रेशन खरं की खोटं ते कळायला आता कागद लागत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नर्सेस रजिस्ट्रेशन अँड ट्रॅकिंग सिस्टिममध्ये आपली नोंद असते, प्रत्येकीला एक एनयूआयडी नंबर असतो. तो नंबर अर्जावर ठळक लिहा आणि "यावर तपासा" म्हणा. तुमची नोंद झाली नसेल तर शहर बदलायच्या आधी करून घ्या. रिन्यूअलची तारीखही तेव्हाच बघा. पाच वर्षांत सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या ट्रेनिंगचे, १५० तास भरावे लागतात आणि जुन्या हॉस्पिटलातल्या ट्रेनिंगची सर्टिफिकेटं निघून आल्यावर मागायला गेलं की मिळता मिळत नाहीत. माझं महाराष्ट्र कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होतं म्हणून पुणे-कोल्हापूरला काही अडलं नाही. निपाणी-बेळगावच्या मुलींना मात्र कर्नाटकातून एनओसी काढून इथं नोंदणी करावी लागते, आणि ते प्रकरण वेळ खातं. त्यांनी नोकरीच्या आधी त्याला हात घालावा.

दुसरं हॉस्पिटल पंचगंगेच्या पलीकडं, शिरोलीच्या बाजूला. तिथल्या इन्चार्ज सिस्टरनं प्रामाणिकपणे विचारलं, "उचगावहून पुरात कशी येणार?" २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं होतं, पुणे-बेंगळुरू रस्ता बंद होता. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. मी बार्शीची, मला पुराचं काय कळणार. "त्या वेळी आत होत्या त्या पोरी आतच राहिल्या, आणि बाहेरच्या बाहेर," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. तिथला विचार तिथंच सोडला. शिवाय क्रॅश कार्टला, म्हणजे जीव वाचवायच्या औषधांच्या गाड्याला, कुलूप होतं आणि किल्ली डे-इन्चार्जच्या घरी जाते असं कळलं. रात्री अडीचला हृदय बंद पडलेला पेशंट आला की तिला फोन लावायचा का?

तिसऱ्या ठिकाणी मी वेगळं केलं. मुलाखतीच्या आधीच एका रात्री अकराला जाऊन कॅज्युअल्टीबाहेर बसले, नातेवाईकासारखी, थर्मास घेऊन. जानेवारी, उसाचा हंगाम भरात. साडेअकराच्या सुमारास दोन मोटरसायकलवाले आले, रस्त्यात उभ्या ट्रॉलीला मागून धडकलेले. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही, हे इथं नेहमीचंच. दारातच एका सिस्टरनं एकाला लाल आणि एकाला पिवळा बँड बांधला. लाल म्हणजे आधी बघायचा, पिवळा त्यानंतर. ओरडत होता तो पिवळा, गप्प पडलेला तो लाल. केसपेपर, डिपॉझिट, पोलिसांना एमएलसीची (पोलिस केसची) खबर, सगळं त्यानंतर. आत दोन सिस्टर आणि एक ब्रदर होते, सहा बेडला. बाराच्या पुढं जरा निवांत झालं तशी त्यातली एक सक्शन मशीनपाशी गेली, चालू केलं, नळीच्या टोकावर अंगठा दाबून धरला, ओढ किती येते ते काट्यावर बघितलं, वहीत लिहिलं. तिला कुणी बघत नव्हतं. ऑक्सिजन सिलिंडरची चावी बँडेजनं सिलिंडरलाच बांधलेली होती.

वॉर्डबॉय मामा दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "ताई, पेशंट कुठाय तुमचा?"

"पेशंट नाही मामा. मी सिस्टर आहे, नोकरीसाठी बघायला आलेय."

"मग भाईर थंडीत कशाला बसलाय? आत या की."

आत गेले. दोन्ही सिस्टर हसल्या, पण राग नाही मानला. अँटीस्नेक व्हेनम, म्हणजे सर्पदंशावरचं इंजेक्शन, किती, तर "वीस व्हायल, ह्या कपाटात, दहा तर पहिल्याच डोसला लागत्यात." पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत गगनबावडा-राधानगरीकडून सर्पदंश किती येतात तेही त्यांनीच सांगितलं. रात्री वॉर्डात कुणी कमी पडलं की कॅज्युअल्टीतली सिस्टर उचलून नेतात का, असं विचारलं. "महिन्यातनं एखांद्या वेळी," म्हणाल्या. नाही म्हणाल्या असत्या तर विश्वास बसला नसता.

पगार चोवीस हजार हातात. साडेतीन हजार कमी. सर्टिफिकेटं तिथल्या क्लार्कनं समोर ताडली, पंधरा मिनिटांत परत दिली. बॉण्ड नाही, एक महिन्याची नोटीस. ऑफर लेटरवर आधी नुसतं 'स्टाफ नर्स' होतं, मी 'इमर्जन्सी विभाग' असं लिहून घेतलं. न लिहिता गेलात तर दोन महिन्यांनी जनरल वॉर्डात दिसाल. हिपॅटायटिस बीचे तीन डोस आणि नंतरची टायटर टेस्ट (लस लागू पडली का ते बघायची) हॉस्पिटलच्या खर्चानं, हेही तेव्हाच विचारायचं. एसीएलएसचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर काय करायचं त्या कोर्सचं, मी विसरले. दर दोन वर्षांनी करावं लागतं, पैसे कोण भरणार ते विचारायचं राहिलं, आणि यंदा खिशातून भरले. पीएफचे पैसे खरंच पडतात का ते पहिल्या पगारानंतर पासबुकात बघा, स्लिपवर विश्वास नको. आणि नाईटला जायचं कसं ते ठरवून घ्या. केएमटीची बस तेव्हा नसते, मी स्कूटी घेतली.

जॉइन होऊन तीन महिने झाले असतील. नाईट करून घरी येऊन झोपले होते, दुपारी फोन वाजला. तोच गोड आवाज. "ताई, साहेब आज भेटलं. तुमच्या ओरिजिनलचं बघूया म्हणालेत. कधी येताय?"

लागले दुसरीकडं, असं सांगितलं. मग म्हटलं, "झेरॉक्स तेवढे देता का?"

"विचारतो की साहेबांना," ती म्हणाली. दोन्ही संच अजून तिथंच आहेत.