मामाची वाडी

आज किर्लोस्करवाडीला मामाकडे जाऊन आले. मामा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण जेवणाची वेळ अजून शिफ्टचीच. जरा उशीर झाला की मामीची खैर नाही!

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर इथे कारखाना काढायला आले तेव्हा कुंडल रोड स्टेशनजवळ नुसता माळ, निवडुंग आणि साप. बेळगावची जागा सोडावी लागली होती, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ही दिली, वर दहा हजारांचं कर्जही. शेतकरी मात्र त्यांच्या कारखान्यातल्या लोखंडी नांगराला हात लावेनात. लोखंडाने जमीन नासते म्हणे. आणि रात्रीच्या राखणीला कोण? तुरुंगातून सुटलेली माणसं! मला नांगरापेक्षा हाच किस्सा भारी वाटतो. आज कुठला एचआर हे धाडस करेल?

मामाचं भलतंच. "इथं कारखाना आधी, गाव मागनं. शेजारीबी खात्यावरनं ओळखायचा. ह्यो फौंड्रीतला, त्यो मशीन शॉपमधला." बोलताना उजव्या हाताची बोटं हवेत नट पिळत होती.

मामीने तेवढ्यात शेंगांची पाटी पुढ्यात सरकवली. "बोटं चालतातच आहेत, तर ह्या फोडा."