आगर उघडे पडले तेव्हा

३ जून

आज 'निसर्ग' चक्रीवादळाची तारीख. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि ई-पास मिळताच आम्ही डोंबिवलीचे घर बंद करून दापोली तालुक्यात आजोळी राहायला आलो. विलगीकरण संपल्यावर मी मागच्या आगरात, म्हणजे सुपारीच्या बागेत गेले, तेव्हा शेजारचा, माझ्याच वयाचा मुलगा राहिलेली सुपारी उतरवत होता. शेंड्यावर झोका घ्यायचा, शेजारची पोफळ (सुपारीचे झाड) पकडायची आणि जमिनीला पाय न लावता पुढे सरकायचे. "खाली उभी राहू नकोस, डोक्यात घड पडेल," हे त्याचे मला उद्देशून पहिले वाक्य होते आणि ते मी रात्रभर घोळवले.

डोंबिवलीत कोण कोणाशी बोलते हे गर्दीत खपून जाते. वाडीत मात्र मी विहिरीवर किती वेळ थांबले, याची खबर दिवेलागणीच्या आत आजीच्या ओटीवर पोहोचत असे. त्यामुळे आम्हाला दोनच आडोसे होते: दाट पोफळी आणि मोबाइलच्या रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर जाण्याचे, साऱ्या वाडीला मान्य असलेले निमित्त. एवढ्या पहाऱ्यात नुसत्या नजरेलाही जे वजन येते, ते शहरात कधीच आले नसते असे मला वाटते.

वादळाने पोफळींचा आडोसा दुपारभरात आडवा केला. दोन्ही घरांची मागची दारे एकमेकांना लख्ख दिसू लागली. पंचनाम्यासाठी तो पडलेल्या खोडांवर चुन्याची खूण करी आणि मी वहीत आकडा लिही. त्यांचे वर्षाचे उत्पन्न चिखलात पडले होते आणि मला मात्र दिवसभर त्याच्याबरोबर राहता येते, याचाच आनंद होत होता. सोळाव्या वर्षीचे प्रेम इतके आप्पलपोटे असते.

२९ जुलैला निकाल लागला, भूगोलाला सरासरीने गुण मिळाले आणि अकरावीच्या प्रवेशासाठी परतणे ठरले. निघण्याआधी मी त्याला विचारले, "आठवण येईल का?" तो म्हणाला, "पोफळीच्या रोपांना ऊन सोसत नाही, आधी केळी लावाव्या लागतील. सुपारी धरायला सहा-सात वर्षे तरी जातील."

त्या उत्तराचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.